उंदरांनी आधीच सांगितलं होतं

पालीत बल्लाळेश्वराचं दर्शन झालं की पुष्कळ यात्रेकरू उन्हेऱ्याकडे वळतात. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. तिथल्या कुंडांतलं पाणी बारमाही गरम असतं, गंधकाचा वास नाकात शिरतो आणि काठावर गुडघे, घोटे, मनगटं शेकत बसलेली माणसं दिसतात. अष्टविनायकाच्या बसमधून उतरलेले लोक तासाभरात निघून जातात. जुना संधिवात असलेली माणसं मात्र पुन्हा पुन्हा येतात. बोटांची पेरं सुजलेली, सकाळी उठल्यावर मूठ मिटत नाही, लुगडं पिळता येत नाही, चुलीवरचं भांडं उतरवायला दुसऱ्याला हाक मारावी लागते. गरम पाण्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मग कधीतरी एक बारीकशी पांढरी गोळी सुरू होते आणि तिसऱ्या दिवशी मूठ मिटते.

ही गोळी प्रेडनिसोलोनची असते, कधी डेक्सामिथॅझोनची. लोकांच्या तोंडी नुसतं ‘स्टेरॉइड’. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी दिलेली चिठ्ठी घडीवर घडी पडून फाटायला येते, तरी तिच्यावर दुकानातून गोळ्यांच्या पट्ट्या येत राहतात. सहा महिने जातात, वर्ष जातं. चेहरा वाटोळा होतो, वजन वाढतं, साखर वर जाते. मग एके दिवशी कुणीतरी सांगतं, ‘‘अगं, स्टेरॉइड आहे ते. हाडं पोखरतं. आजच्या आज बंद कर.’’ सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते. गोळी त्याच दिवशी बंद होते आणि पुढच्या काही दिवसांत माणूस गळून जातो. अन्न नको होतं, उलट्या होतात, अंग ठणकतं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे, सलाईन लावून आणू.

हा अशक्तपणा नव्हे, हे वैद्यकाला कसं कळलं त्याची ही गोष्ट. तिच्यात एक मृत्यू आहे, आणि त्या मृत्यूच्या पंधरा वर्षं आधी मिळालेला इशाराही आहे.

१९५२ साल. अमेरिकेतला एक ३४ वर्षांचा रुग्ण. संधिवाताने त्याचा खुब्याचा सांधा पार धरला होता. सांधा मोकळा करून त्यावर धातूची वाटी बसवायची, अशी शस्त्रक्रिया ठरली. आठ महिने तो कॉर्टिझोन हे स्टेरॉइड घेत होता, २५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. कॉर्टिझोनमुळे जखमा भरायला वेळ लागतो, हे तोवर डॉक्टरांच्या ध्यानात आलं होतं. शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी त्याचं औषध बंद झालं. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्यात गैर काहीच नव्हतं. औषध बाहेरून दिलेलं, ते बाहेरूनच थांबवलं.

शस्त्रक्रियेनंतर त्याचा रक्तदाब घसरला आणि काही केल्या वर येईना. काही तासांत तो गेला.

शवविच्छेदनात मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन्ही ग्रंथी बारीक होऊन सुकलेल्या सापडल्या. त्यांना अधिवृक्क म्हणतात, डॉक्टर अ‍ॅड्रिनल म्हणतात. निरोगी माणसात त्यातली एकेक चार-पाच ग्रॅमची असते. एवढ्याशा गोष्टीवाचून माणूस जगत नाही, हे जुनं ज्ञान होतं. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसनने १८५५ मध्ये या ग्रंथी नासलेले रुग्ण वर्णिले होते. कातडी काळवंडलेली, शक्ती गेलेली, नाडी क्षीण, आणि शेवट मृत्यू. पण या तरुणाला अ‍ॅडिसनचा आजार नव्हता. त्याच्या ग्रंथी कोणत्या रोगाने खाल्ल्या? फ्रेझर, प्र्यूस आणि बिगफर्ड या डॉक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हा रुग्ण मांडला तेव्हा मथळ्यातच कॉर्टिझोनचा उपचार आणि आकसलेली ग्रंथी एकत्र आली. ज्या औषधाने सांधे मोकळे केले, त्यानेच ग्रंथीला काम सोडायला लावलं होतं. नंतर औषधही काढून घेतलं आणि वर सुरी लावली. संकटात शरीराला जे लागतं ते आतूनही आलं नाही आणि बाहेरूनही नाही. पुढच्याच वर्षी असाच दुसरा मृत्यू नोंदला गेला, यावेळी वीस वर्षांच्या मुलीचा.

आता या गोष्टीचा मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग. हे आधीच माहीत होतं.

मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचं गाव आहे, तिथे मेयो क्लिनिक. १९३० च्या दशकात तिथले रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल गुरांच्या अधिवृक्क ग्रंथींमधून त्यातला अर्क वेगळा काढण्याच्या मागे लागले होते. त्या अर्काला ‘कॉर्टिन’ म्हणत. अर्कात दम किती, हे मोजायला त्यांच्याकडे ड्वाइट इंगल हा तरुण शरीरशास्त्रज्ञ आला. त्याची पद्धत अशी: ज्या उंदराच्या अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या आहेत, त्याच्या पायाच्या स्नायूला विजेचे बारीक झटके द्यायचे आणि त्या स्नायूने छोटंसं वजन पुन्हा पुन्हा उचलायचं. ग्रंथी नसलेला उंदीर लवकर थकतो, अर्क मिळाला की त्याचा स्नायू काम करत राहतो. जितकं काम, तितका अर्क दमदार.

मग इंगलने धडधाकट उंदरांना भरपूर कॉर्टिन दिलं. त्यांच्या ग्रंथी शाबूत होत्या, त्यांना या अर्काची काही गरज नव्हती. नंतर ग्रंथी काढून पाहिल्या तर त्या लहान झालेल्या होत्या. बाहेरून माल येतोय म्हटल्यावर आतला कारखाना आटला होता. हा निष्कर्ष १९३७ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात छापून आला. लेखावर दोन नावं होती, इंगल आणि केंडल.

ते दुसरं नाव लक्षात ठेवा.

याच मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे संधिवाताचे डॉक्टर होते. १९२९ मध्ये त्यांच्याकडे एक संधिवाताचा रुग्ण आला, तो स्वतः डॉक्टर. त्याला कावीळ झाली आणि सांध्यांचं दुखणं ओसरलं. हेंच त्या धाग्यामागे वीस वर्षं लागले. गरोदर स्त्रियांचाही संधिवात निवतो, असं त्यांनी पाहिलं. शरीरात काहीतरी तयार होतं आणि ते सांध्यांना आराम देतं, अशी त्यांची खात्री होत गेली. १९४१ मध्ये त्यांनी वहीत टिपून ठेवलं की केंडल यांनी वेगळा केलेला ‘ई’ हा पदार्थ संधिवातावर वापरून बघावा. पण पदार्थ मिळणार कुठून? तो बैलाच्या पित्तापासून कितीतरी पायऱ्यांनी बनवावा लागे. मर्क कंपनीतल्या लुइस सॅरेटने ती वाट मोकळी केली, तेव्हा कुठे काही ग्रॅम हाताशी आले.

२१ सप्टेंबर १९४८. एकोणतीस वर्षांची एक स्त्री रॉचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात होती. अंथरुणात कूस बदलायचीही पंचाईत. बरी झाल्याशिवाय घरी जाणार नाही, असं तिने डॉक्टरांना सांगून टाकलं होतं. तिला ‘ई’चं, म्हणजे पुढे कॉर्टिझोन म्हटलेल्या औषधाचं, पहिलं इंजेक्शन दिलं. दोन-तीन दिवसांत ती सहज वळू लागली. आठवड्याने ती गावात जाऊन तीन तास खरेदी करून आली. पुढच्या वसंतात हेंच यांनी डॉक्टरांच्या सभेत चलचित्रं दाखवली: आधी जिना न चढणारी माणसं, नंतर तीच माणसं पायऱ्या उतरताना. १९५० चं नोबेल पारितोषिक हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइकश्टाइन यांना मिळालं. हेंच स्वतः सांगत होते की हा आजार मुळातून बरा करणारा उपाय नाही, इंजेक्शन थांबलं की दुखणं परत येतं. पण पांगळा माणूस चालताना पाहिल्यावर तेवढं कोण ऐकणार?

तेरा वर्षांपूर्वी उंदरांच्या आकसलेल्या ग्रंथींवर ज्यांनी सही केली, त्याच केंडल यांच्या गळ्यात आता पारितोषिक होतं. त्यांनी काही लपवलं नव्हतं. लेख छापलेला होता, ग्रंथालयात होता. माझ्या मते खरी अडचण अशी की तो लेख शरीरशास्त्राच्या कपाटात बसला आणि रुग्ण संधिवाताच्या वॉर्डात. शिवाय आकसलेली ग्रंथी दुखत नाही. औषध चालू आहे तोवर ती नसल्याचं कुणाला कळतही नाही. कळतं ते औषध थांबल्यावर, आणि त्या वेळी लोक औषधाकडे बघत नाहीत, कारण औषध तर बंद झालेलं असतं.

फ्रेझर यांच्या रुग्णाने ही दोन कपाटं एकत्र उघडायला लावली. लवकरच असे रुग्ण शस्त्रक्रियेला घेताना आधी, चालू असताना आणि नंतर कॉर्टिझोन भरपूर द्यायचं, अशी रीत पडली. ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ३७ वर्षांच्या एका रुग्णाच्या पाठीच्या कण्यावर याच रीतीने शस्त्रक्रिया झाली. त्याला अ‍ॅडिसनचा आजार होता. तो मरणाच्या दारातून परतला, पण परतला. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी त्याची हकिकत नाव न देता छापली. तो रुग्ण जॉन केनेडी, हे खूप नंतर उघड झालं.

यंत्रणा काय, तेही हळूहळू उलगडलं. मेंदूच्या तळाशी पीयूष ग्रंथी असते. ती रोज पहाटे अधिवृक्काला निरोप धाडते, अधिवृक्क कॉर्टिसॉल तयार करतं, म्हणून सकाळी उठायला अंगात बळ येतं. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं आहे असं दिसलं की निरोप थांबतो. गोळीतलं स्टेरॉइड पीयूष ग्रंथीला कॉर्टिसॉलच वाटतं. ती महिनोन् महिने गप्प बसते. गावात नळ आला की विहिरीचा उपसा थांबतो आणि तळाशी गाळ साचतो. मग एखाद्या उन्हाळ्यात नळ कोरडा पडला, तर त्याच दिवशी विहिरीतून कळशी भरून येत नाही. आधी गाळ काढावा लागतो, झरे मोकळे व्हावे लागतात.

झरे मोकळे व्हायला किती दिवस? याचं उत्तर १९६५ मध्ये आलं. नॅशव्हिलमधल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात ग्रांट लिडल आणि त्यांचे सहकारी ग्रेबर वगैरेंनी स्टेरॉइड थांबवलेल्या माणसांचं रक्त महिन्यामागून महिने तपासलं. निरोपही मोजला आणि कॉर्टिसॉलही. पहिल्या महिन्यात दोन्ही खाली. दुसऱ्या ते पाचव्या महिन्यात पीयूष ग्रंथी जागी झाली, निरोप धाडू लागली, प्रसंगी ओरडून. पण अधिवृक्क अजून उठलेलं नव्हतं. कॉर्टिसॉल जागेवर यायला सहा ते नऊ महिने लागले. या शोधात नाट्य कुठलं, असं कुणाला वाटेल. मला यातच सगळं नाट्य दिसतं. रुग्णाशेजारी चिकाटीने बसून मोजत राहण्याचं मोल रायगड जिल्ह्याला तर ठाऊकच आहे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचू चावलेल्या माणसांची नाडी आणि रक्तदाब टिपत टिपतच प्राझोसिनचा उपाय शोधला आणि १९८६ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये मांडला.

नऊ महिने म्हणजे काय, ते इथल्या हिशेबात सांगतो. माघातल्या जत्रेला एखाद्या बाईने गोळी सोडली. लावणीच्या दिवसांत ती बांधावरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. गोळी सोडून चार-पाच महिने झाले, म्हणून दवाखान्यात ती औषधांचं विचारल्यावर ‘काही चालू नाही’ असं सांगते, आणि ते खरंच असतं. पण तिच्या ग्रंथी अजून झोपलेल्या असू शकतात. भूल देणाऱ्या डॉक्टरला गेल्या वर्षभरातलं स्टेरॉइड कळायला हवं, ते या कारणासाठी.

गोळी टप्प्याटप्प्याने उतरवतात ती ग्रंथीला उठायला वेळ मिळावा म्हणून. वरून खाली येताना सुरुवातीचे टप्पे मोठे असतात. प्रेडनिसोलोनच्या चार ते सहा मिलिग्रॅमपर्यंत आलं की शरीराच्या रोजच्या गरजेची रेघ लागते, आणि खरी कसोटी तिथून खाली असते. अनेक डॉक्टर तिथे महिन्याला एकेक मिलिग्रॅमच उतरतात. पाच मिलिग्रॅमची गोळी नखाने मोडून, अर्धीची पाव करून, चुरा कागदात बांधून ठेवलेल्या पुड्या घरोघरी असतात. पाव म्हणजे नक्की किती, हे त्या चुऱ्यात कोण सांगणार? एक मिलिग्रॅमची गोळी मिळाली तर ती मागून घ्यावी.

आणि डोस अगदी नियमाने उतरवला तरी त्रास होतो, हे रुग्णाला कुणी आधी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. मेयोमधल्याच चार्ल्स स्लोकम्ब यांनी १९५३ मध्ये नोंदवलं की कॉर्टिझोन कमी करताना अंगदुखी, थकवा, उदासी येते आणि ती संधिवातासारखीच दिसते. १९६० मध्ये अमात्रुदा आणि सहकाऱ्यांनी आणखी पुढचं दाखवलं. काही रुग्णांच्या ग्रंथी तपासणीत ठीक होत्या, तरी त्यांना हा सगळा त्रास होत होता. शरीराला वरच्या पातळीची सवय झाली होती आणि खाली यायला ते कुरकुरत होतं. म्हणजे डोस उतरवताना अंग दुखलं तर शक्यता तीन. जुना आजार परत आला असेल. ग्रंथी अजून उठली नसेल. किंवा सवय सुटत असेल. रुग्णाला तिन्ही वेळा एकच वाटतं, ‘माझा वात पुन्हा उसळला’, आणि तो आपल्या मनाने गोळी वाढवतो. सगळी वाट पुन्हा पहिल्यापासून.

डॉक्टर हे वेगळं करू शकतात. संधिवात उसळला असेल तर सांधा सुजतो, हाताला गरम लागतो, सकाळचा ताठरपणा लांबतो, रक्तातला सूज दाखवणारा सीआरपी वाढतो. नुसती सवय सुटत असेल तर दुखतं, पण सूज नसते. ग्रंथी झोपलेली असेल तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर घेतलेल्या रक्तदाबात फरक पडतो, वजन उतरतं, सोडियम किंवा साखर घसरू शकते. पालीसारख्या गावात आडवा आणि उभा रक्तदाब घ्यायला पट्टा आणि पाच मिनिटं एवढंच लागतं.

इथे एक भीती दूर केली पाहिजे. थोडे दिवस स्टेरॉइड घेतलेल्या प्रत्येकाला हे होत नाही. कोविडच्या काळात डेक्सामिथॅझोन दहा दिवसांपर्यंत दिलं जायचं, ते संपलं की संपलं. युरोप आणि अमेरिकेच्या अंतःस्रावी तज्ज्ञांच्या संघटनांनी २०२४ मध्ये एकत्र काढलेल्या मार्गदर्शक सूचनाही हेच म्हणतात: तीन ते चार आठवड्यांपेक्षा कमी उपचार असेल तर टप्पे लागत नाहीत. दम्याच्या झटक्यात पाच दिवस दिलेली गोळी भीतीने नाकारू नये. प्रश्न येतो तो लांबलेल्या उपचाराचा.

त्याहून अवघड आहेत ते, ज्यांना आपण स्टेरॉइड घेतो हेच ठाऊक नसतं. सांधेदुखीवर आणि दम्यावर ‘झाडपाल्याची’ म्हणून बिननावाच्या पुड्या विकल्या जातात. त्यातल्या काहींत स्टेरॉइड मिसळलेलं निघतं, हे आपल्या देशातल्या तपासण्यांत वारंवार दिसलं आहे. पुडी घेताच दोन दिवसांत चमत्कार वाटावा इतका आराम, महिन्या-दोन महिन्यांत चेहऱ्यावर गोलाई, आणि पुडी संपल्यावर अंथरूण, असा क्रम दिसला तर ती पुडी, निदान तिचा कागद, डॉक्टरांपुढे ठेवावा. रागावतील म्हणून लपवू नये. डॉक्टरांनीही रागावू नये.

इतर काही औषधं अचानक सोडल्यावरही त्रास होतो, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. प्रोप्रॅनोलॉल अचानक थांबवल्यावर छातीत दुखणं उसळतं, हे १९७० च्या दशकात ध्यानात आलं. क्लोनिडीन थांबवलं तर रक्तदाब आधीपेक्षा वर उडी मारतो. झोपेच्या आणि फिटच्या गोळ्या एकदम सोडल्या तर झटका येऊ शकतो. ती प्रत्येक स्वतंत्र शोधकथा आहे.

स्टेरॉइड उतरवत आणलेल्या माणसाला मध्येच ताप आला तर डॉक्टर काही दिवस डोस दुप्पट करायला सांगतात. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल, माणूस गळाठून पडला असेल, तर हायड्रोकॉर्टिझोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन ताबडतोब लागतं, शिरेतून किंवा स्नायूत. ते महाग नाही आणि त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. फक्त दारात शिरताना नातेवाइकांनी ‘यांना वर्षभर स्टेरॉइड चालू होतं’ एवढं वाक्य आधी म्हणायला हवं, नाहीतर सलाईनचीच बाटली लटकते. एका कार्डावर औषधाचं नाव, डोस आणि कधी सुरू, कधी बंद हे लिहून ते आधारकार्डासोबत ठेवलं तर नातेवाईक बरोबर नसतानाही काम भागतं.

ग्रंथी उठली की नाही, हे आता अंदाजाने ठरवावं लागत नाही. सकाळी आठ-नऊच्या सुमारास, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं आणि कॉर्टिसॉल मोजायचं. आकडा डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ग्रंथी कामाला लागली, गोळी थांबवता येते. ५ च्या खाली असेल तर गोळी चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं. मधल्या आकड्यात आणखी थोडे आठवडे थांबायचं. बहुतेकांचा आकडा वर येतो. काहींना वर्षाहून जास्त लागतं, आणि मोजक्या काहींच्या ग्रंथी पुरत्या उठतच नाहीत. त्यांना रोज सकाळी थोडं हायड्रोकॉर्टिझोन घ्यावं लागतं, आणि तापाच्या दिवसांत जास्त.